इंजिनावरच्या अक्षता

मला कुणी ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. आता सत्तरी उलटली तरी फिरतं. लहानपणी तर असं म्हणणाऱ्या बायकांना मी तोंडावर वेडावून दाखवायची, आणि माझ्या या आगाऊपणामुळे आईला चारचौघींत मान खाली घालावी लागायची. मी नीट चालायला शिकायच्या आतच पोलिओने माझा उजवा पाय नेला. मुंबईच्या इस्पितळातून लोखंडी पट्ट्या लावलेला बूट मिळाला होता. तो घालून, काखेत कुबडी धरून मी गावच्या शाळेपर्यंत जायची. शाळा आमच्या पानवेलींच्या वाडीच्या कुंपणाला लागूनच होती म्हणून जमत होतं. तिथे सातवीपर्यंत माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. हे मी येईल-जाईल त्याला सांगायची, कारण फुशारकी मारायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

सातवीच्या पुढची शाळा पालघरला. आमचं गाव पालघरच्या पश्चिमेला, समुद्रकाठी. मध्ये मिठागरं, खाडीवरचा पूल आणि सहा-सात मैलांचा रस्ता. साठ सालानंतरची ही गोष्ट. मुलग्यांनी सायकली काढल्या आणि गेले. मुली बहुतेक घरी राहिल्या. मी घरी राहिले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं, पण बाबा हट्टाला पेटले होते.

“वाडीत राबायला पाय लागतात, सासरी नांदायला पाय लागतात,” ते आईला म्हणाले. “मास्तरनीला खुर्ची असते. बाय मास्तरीन झाली तर आपल्या मागं कुनाचं तोंड बगायला नको तिला.”

हे त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. मला जरा लागलं, पण ते खरंच होतं. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पालघरच्या शाळेत अडकलेलं होतं, आणि हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये आम्ही सगळं करून पाहिलं. एसटीची पायरी माझ्या कमरेएवढी. कंडक्टरने वरून ओढायचं, बाबांनी खालून ढकलायचं, आणि आतल्या बायकांनी ‘अगं बाई, बिचारी’ म्हणायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी गर्दीत तोंडावर पडले आणि बुटाची पट्टी वाकली. मग बाबांनी सायकलच्या कॅरियरवर बसवलं. खाडीच्या पुलाजवळ माझा जड पाय चाकात गेला आणि आम्ही दोघं चिखलात. बैलगाडीने गेलो तर शाळेत पोचेपर्यंत मधली सुट्टी व्हायची, आणि इकडे वाडीत बैलांची कामं पडून राहायची. शेवटी बाबा हेडमास्तरांना जाऊन भेटले. गृहस्थ भला होता. म्हणाला, “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी हिचं नाव ठेवतो. घरी अभ्यास करू दे. पण सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी मुलगी वर्गात दिसली पाहिजे. त्यापुढे माझ्या हातात काही नाही.”

बाबा परत येताना एक मोटार घेऊन आले.

घेऊन आले म्हणजे बैलांना जुंपून ओढत आणली. पालघरच्या एका डॉक्टरांची ती जुनी विलायती गाडी. इतकी लहान, की तिला सगळे ‘बेबी’च म्हणत. डॉक्टरांनी मोठी गाडी घेतल्यापासून ती त्यांच्या मागल्या अंगणात चिंचेखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. डॉक्टरांच्या विहिरीवरचं इंजिन बाबाच दुरुस्त करत, त्यामुळे डॉक्टर म्हणाले, “घेऊन जा. माझी जागा तरी मोकळी होईल.” गावाच्या वेशीपासून आमच्या अंगणापर्यंत सगळी पोरंटोरं मागून ओरडत आली. म्हातारे पण बाहेर आले. “काय रं, मोटारीला चारा काय घालशील?” एकाने विचारलं. बाबा हसले. मी ओटीवर बसून ते बघत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक मोडकं माणूस घरात होतंच, आता मोडकी गाडी पण आली, असं गाव म्हणणार हे मला दिसत होतं.

बाबांना मात्र स्वतःवर भरवसा होता, आणि तो काही उगाच नव्हता. विहिरीवर रहाट जाऊन तेलाचं इंजिन आलं ते आमच्या गावात पहिल्यांदा बाबांच्या वाडीत. तरुणपणी ते लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होते. गाडी हाकायला तिथेच शिकले. आजूबाजूच्या वाड्यांतलं कुठलंही इंजिन बंद पडलं की बाबांना बोलावणं यायचं. “इंजन तं इंजनच हाय,” ते म्हणाले. “पानी खेचतं तसं मानूस खेचंल.”

पडवीत दोन ओंडके टाकून त्यांनी गाडीचं इंजिन त्यावर उतरवलं, आणि तो सगळा पावसाळा आमच्या घराला रॉकेलचा वास राहिला. पिस्टन आईच्या परातीत. नट-बोल्ट लोणच्याच्या बरणीत. तांब्याचा पत्रा असलेलं गॅस्केट नवीन मिळत नव्हतं, तर जुनंच मऊ करायला बाबांनी ते चुलीत घातलं. त्याच चुलीवर आईचे बोंबील भाजायचे होते. “अवो, तुमी त्या डब्यालाच वाढा आता जेवायला,” आई कडाडली. तशी ती रोजच कडाडायची. पण गणपतीत पाहुणे आले तेव्हा तिने त्यांना ओटीवरच बसवलं. पडवीतल्या एकाही भांड्याला कुणाला हात लावू दिला नाही.

व्हॉल्व्ह घासायचं काम माझं होतं. व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, लाकडी दांडीने तो त्याच्या जागेवर दाबायचा आणि दांडी दोन तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची. झाकण बसावं तसा व्हॉल्व्ह जागेवर घट्ट बसेपर्यंत हे करायचं. कुबडीवर सगळा भार टाकून टाकून माझे हात मुलग्यांसारखे झाले होते. बाबा एकेका व्हॉल्व्हवर रॉकेल ओतून बघायचे, थेंब गळत नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघायचे. त्या पावसाळ्यात मी सुखात होते. हे लिहितानाही मला त्याचा राग येतो, पण होते. दुपारी आठवीची पुस्तकं वाचायची, संध्याकाळी व्हॉल्व्ह घासायचे. माझ्या दोन हातांनी मी स्वतःलाच शाळेत नेत आहे असं मला वाटायचं.

इंजिनाच्या पोटातली बेअरिंगं मात्र पार झिजली होती. ती घरी होण्यासारखी नव्हती. तेव्हा तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू झालं होतं आणि बोईसरला कुठून कुठून माणसं आली होती. त्यांतला एक उत्तरेकडचा टर्नर जवळच्या कुंभवलीला राहायचा आणि स्टेशनजवळच्या एका शेडमध्ये लेथवर काम करायचा. बाबा सगळे सुटे भाग गोणपाटात बांधून त्याच्याकडे घेऊन गेले. त्याने पांढरा धातू ओतून बेअरिंगं नवी करून दिली. देताना म्हणाला, “चाचा, तेल का रास्ता साफ रखना. उसमें कचरा गया तो सब गया.” बाबांनी घरी येऊन हे त्याच्याच हिंदीत, त्याचे हातवारे करून आम्हाला सांगितलं. मग पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्यात तेल जायला कशी बारीक भोकं असतात, ती मला दाखवली. एका भोकात मी आईचा केसांतला आकडा घालून बघितला, तो आत पुष्कळ गेला. 

दसरा आला तेव्हा इंजिन उलटं, पाठीवर झोपवलेलं होतं. एरवी तळाशी असते ती तेलाची परात काढलेली, नवी बेअरिंगं आणि चकचकीत दांडा उघडा. बाबांनी त्यावर आईचं जुनं लुगडं पक्कं गुंडाळून ठेवलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडे इंजिनाची पूजा असते. विहिरीवरचं इंजिन आदल्या दिवशी धुवायचं, त्याला झेंडूची माळ आणि नव्या भाताच्या लोंब्या बांधायच्या, हळदकुंकू, नारळ, अक्षता. बाबांनी ज्यांची ज्यांची इंजिनं दुरुस्त केली होती ते सगळे संध्याकाळी सोनं द्यायला आमच्याकडे यायचे आणि आमच्या इंजिनालाही दोन दाणे वाहून जायचे. त्या वर्षी तर सगळं गाव आलं. जूनमध्ये हसणारे तेच. पावसाळाभर पडवीत डोकावून डोकावून त्यांचंही त्या गाडीत मन गुंतलं होतं. 

आई तबक घेऊन पडवीतल्या इंजिनाकडे आली. बाबा लुगड्यावरूनच कुंकू लावायला निघाले तशी एक म्हातारी आत्या म्हणाली, “झाकलेल्या देवाची पूजा करतात काय रे कदी? उगड की.”

बाबा जरा थांबले. मी त्यांच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते, त्यांना ते उघडून दाखवायचंच होतं. इतके महिने ज्याच्यामागे हाडांची काडं केली ते लोकांना दिसावं असं कुणाला वाटणार नाही? त्यांनी लुगडं सोडलं. बायकांच्या तोंडून ‘अगो बाय’ निघालं. इंजिन खरोखरच सुंदर दिसत होतं.

आईने हळदकुंकू लावलं. मग सगळ्यांनी अक्षता टाकल्या. ओल्या कुंकवात माखलेले तांदूळ. कुणी हळूच ठेवल्या, कुणी लांबूनच उधळल्या. आत्या टाकताना म्हणाली, “बायला सुकरूप शाळंत ने.” मग पुढचे सगळे तेच म्हणू लागले. बायला शाळेत ने. बायला शाळेत ने. त्या दिवशी मला कुणी बिचारी म्हटलं नाही. सगळं गाव त्या लोखंडाला माझ्यासाठी सांगत होतं. मला रडू आलं, आणि मी रडले ते लपवलंही नाही.

सण झाल्यावर बाबांनी एकेक दाणा वेचला. आकड्याने, सुईने, ओल्या बोटाने. वरून रॉकेल ओतलं, सायकलच्या पंपाने भोकाभोकांत हवा मारली. “एक नाय ऱ्हायला,” ते म्हणाले. दिवाळीच्या आत इंजिन गाडीत बसलं. हँडल मारून मारून बाबांचा खांदा सुजला, आणि नरकचतुर्दशीच्या सकाळी ते एकदम धडधडलं. आई मोती साबणाचा हात तसाच घेऊन धावत बाहेर आली. बाबांनी अंगणात हळूहळू चार फेऱ्या मारल्या. मी शेजारी बसले होते. गाडीची पायरी अशी, की मी एकटी चढले. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही.

शाळा उघडायच्या दिवशी आईने माझ्या दोन वेण्या घालून वर रिबिनी बांधल्या. आम्ही निघालो. माझ्याच वयाची मुलं सायकली मारत चालली होती, त्यांना आम्ही मागे टाकलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणालातरी मागे टाकलं. मिठागरं गेली, खाडीचा पूल गेला. बाबा मोठ्याने काहीतरी बोलत होते, मला आवाजात ऐकू येत नव्हतं आणि मी नुसती हसत होते. 

पुढे चढ लागला. बाबांनी जोर दिला आणि आतून ठक ठक आवाज यायला लागला. त्यांनी पाय काढला, पण ठोका वाढतच गेला, आणि मग लोखंड फुटल्याचा आवाज झाला. गाडी थांबली. खालून काळं तेल रस्त्यावर पसरलं. बाबांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं आणि पिस्टनचा मोडलेला दांडा त्यातून बाहेर आला होता. 

तिथून पालघरची घरं दिसत होती. शाळेचं कौलारू छप्परही दिसत होतं. मागे टाकलेली मुलं सायकलींवरून आली, थोडी थांबली, आणि उशीर होतो म्हणून पुढे गेली. एसटी गेली. तिला हात करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

बाबा माझ्याजवळ आले. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे. मला वाटलं, आता उचलतील. पण हँडल मारून दुखावलेल्या त्या खांद्याने त्यांना साधं बॉनेट धरवत नव्हतं. त्यांनी छपराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बाय,” ते म्हणाले, “चालशील का गं तेवढं?”

जन्मापासून त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी विचारलं तर ते अंगावर धावून जायचे. मी हो म्हटलं. दप्तर त्यांनी घेतलं आणि मी चालायला लागले. चढ खडीचा होता. कुबडी सटकत होती, पट्टी मांडीत रुतत होती. बाबा शेजारून चालत होते आणि माझ्या पायाकडे बघत नव्हते. मी कुठवर गेले कोण जाणे. रस्त्याकडेला एक दगड आला, त्यावर बसले ती मला उठताच येईना. लांबून शाळेची घंटा ऐकू आली. बाबा दप्तर घेऊन तसेच उभे राहिले. मग आम्ही एका भाताच्या गाडीतून घरी आलो.

त्यानंतर काही केलं नाही का, असं मला लोक विचारतात. केलं की. बाबा हेडमास्तरांकडे जाऊन आले. त्यांना वाईट वाटलं. वाईट वाटून काय होणार होतं? त्या गाडीचं इंजिन कुठे मिळत नव्हतं, विलायतेहून माल यायचा बंद झाला होता. माझं नाव कमी झालं. मी पानं जुळवायला बसले. वेलीवरून उतरलेली विड्याची पानं एकावर एक रचायची आणि केळीच्या सोपट्यात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधून करंडीत भरायची. बसून करायचं काम आहे. मी ते जन्मभर केलं.

महिन्याभराने बाबांनी फुटलेलं इंजिन सोडवलं. मी पडवीतच पानं जुळवत होते. ते बराच वेळ पाठमोरे बसून होते, मग उठून माझ्याकडे आले आणि तळहात उघडला. तेलाच्या भोकात खोल अडकलेला एक तांदूळ. कुंकवासकट सुकून दगड झालेला, वरून जळलेला. तेलाची वाट त्याने बुजवून टाकली होती. अंगणात हळू फिरवताना निभावलं, रस्त्यावर बेअरिंग कोरडं पडून जळालं.

“कुनाचा?” मी विचारलं.

“काय म्हाईत,” ते म्हणाले. “सगल्यांनीच टाकल्या.” मग मूठ मिटत म्हणाले, “आयेला नको सांगू.”

मी नाही सांगितलं. आई मरेपर्यंत त्या टर्नरला शिव्या घालत राहिली, आणि आम्ही दोघं ऐकून घेत राहिलो. मला रागवायची हौस, पण या एका गोष्टीत रागवायला मला माणूस सापडला नाही. आत्यावर रागवू? गावावर? त्यांनी माझं भलंच चिंतलं होतं. वाईट चिंतलं असतं तर निदान भांडले असते.

पुढच्या दसऱ्याला बाबांनी विहिरीवरचं इंजिन नेहमीसारखं धुतलं. माळ घातली, लोंब्या बांधल्या, नारळ फोडला. लोक आले होते, पण थोडे, आणि गाडीचं नाव कुणी काढलं नाही. आईने बाबांच्या हातात अक्षता दिल्या. बाबा मूठ मिटून इंजिनासमोर उभे राहिले. हात काही पुढे होईना. आई म्हणाली, “अवो, टाका ना.”

बाबा वळले. मी मागे कुबडीवर उभी होते. माझ्याजवळ येऊन त्यांनी त्या सगळ्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या, आणि वाडीत निघून गेले. आईला काही कळलं नाही. मी ते तांदूळ झटकले नाहीत. दिवसभर केसांत होते, संध्याकाळी वेणी सोडताना एकेक खाली पडले. माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या तेवढ्याच.